डोलोमाइटपासून मॅग्नेशियम: इंडक्शन भट्टीत जमेल का?

शिरोलीकर: एसजी आयर्नसाठी (गोल ग्राफाइटचं बीड) फेरोसिलिकॉन मॅग्नेशियम हा मिश्रधातू विकत घेतो. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड) आणि फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) आपल्याच भट्टीत टाकून मॅग्नेशियम काढता येईल का?

भट्टीवाला: नाही भावा. मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं. उघड्या भट्टीत वाफ हवेला लागली की जळून पांढरा धूर, बाकी काही हाती नाही.

मॅग्नेशियम काढायच्या पिजन पद्धतीत आधी डोलोमाइट साधारण १००० ते १२०० अंशांवर भाजतात. मग ७५ टक्के सिलिकॉनचं फेरोसिलिकॉन मिसळून दळतात, दाबून गोळे करतात आणि मिश्रधातूच्या बंद नळीत, निर्वातात, ११५०-१२०० अंशांवर आठ-दहा तास ठेवतात. नळीचं तोंड पाण्यानं गार असतं, वाफ तिथं खडे धरते. टनभर धातूला दहा-अकरा टन डोलोमाइट लागतो, बरं का.

कोक_कण: भाजलेला डोलोमाइट उघडा ठेवू नका. तो ओल धरतो, मग नळीत पाण्याची वाफ सुटून निर्वात बिघडतो आणि धातूचं परत ऑक्साइड होतं. सिलिकॉनऐवजी कोळसा वापरला तर कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि मॅग्नेशियमची वाफ थंड होताना प्रक्रिया उलटी फिरते.

भट्टीवाला: तुमची बचत लॅडलमध्येच (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यात) आहे. आधी लोखंडातलं गंधक ०.०२ टक्क्याखाली आणा, नाहीतर मॅग्नेशियम त्यातच खपतं. फेरोसिलिकॉन मॅग्नेशियम लॅडलच्या तळाच्या खिशात, वर स्टीलचे तुकडे. ट्रीटमेंटनंतर (मॅग्नेशियम मिसळल्यावर) दहा मिनिटांत ओता; लोखंडात शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्के हवं.

शिरोलीकर: आणि मॅग्नेशियमच्या साठ्याला आग लागली तर?

कोक_कण: पाणी अजिबात नको, हायड्रोजन सुटतो. कोरडी बिडाची बोरिंग (भोकं पाडताना निघणारा कीस) टाकून झाका.