ठाणे-नवी मुंबईतल्या नाटकाच्या ग्रुप्सचं एकत्र निवासी शिबिर करायचंय. स्पर्धा नाही, वर्कशॉप नाही. कसं करावं?

तिसरी_घंटा (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमचा ठाण्यातला हौशी ग्रुप आहे, एकांकिका करतो, जमेल तेव्हा दीर्घांक. आमच्यात लेखक एक आणि बाकीचे नट असा प्रकार नाही, सगळे मिळून तालमीतच नाटक उभं करतो, ज्याला हल्ली एन्सेम्बल म्हणतात तसं. असे ग्रुप कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल सगळीकडे आहेत आणि आपली भेट कुठे होते, तर स्पर्धेला, तीही विंगेत, त्यांचा सेट उतरतोय आमचा चढतोय अशा गडबडीत "कसा झाला रे प्रयोग" एवढंच बोलणं आणि निकाल लागला की तेही बंद. मला हे मनापासून खटकतं.

तर डोक्यात असं आहे की पाच-सहा ग्रुपमधले मिळून साधारण 40 जण दोन रात्री एकत्र राहावेत. काही शिकवायचं नाही, कुणाला हरवायचं नाही, फक्त एकमेकांची माणसं आणि एकमेकांचं काम कळावं. पण नुसतं जमलो तर त्याची पिकनिक होणार आणि कुणी मोठा दिग्दर्शक बोलावला तर सगळे वह्या काढून त्याच्यासमोर बसणार, ही भीती आहे. जागा कुठे बघू, दिवसभर काय ठेवू, आणि कधी? ज्यांनी अशी शिबिरं केलीत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

नेरूळचा_नेपथ्यवाला

आधी जागेचं बोलतो. ठाण्यातलं येऊर जवळ पडतं म्हणून सगळ्यांच्या तोंडात पहिलं तेच येतं पण ते टाळा. राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आदिवासी पाडे आहेत, तिथल्या बंगल्यांमधल्या रात्रीच्या आवाजाला लोक आधीच कंटाळलेत आणि आपण नाटकवाले, रात्री 12 वाजता गाणी म्हटल्याशिवाय राहणार नाही. लाऊडस्पीकरला तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर एरवी परवानगीच नसते, ते वेगळंच. फार्महाऊस घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, स्विमिंग पूल दिसला की शिबिर संपलं.

त्यापेक्षा पनवेलच्या पुढे गोवा हायवेला, कर्नाळा ओलांडल्यावर तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे, तिथे निवासी शिबिरं होतात, राहणं साधं, आणि आजूबाजूला झाडं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल, पुढे पेणकडे जाणारी एसटी. दर आणि तारखा तुम्हीच फोन करून विचारा. कुठेही गेलात तरी एक गोष्ट बघूनच ठरवा, ती म्हणजे एक मोठा रिकामा हॉल ज्यात 40 जणं आडवी होऊ शकतील आणि ज्याची फरशी अनवाणी पायांना चालेल. आणि पाऊस नको, थंडी असावी.

कळव्याची_कार्टी

जागेपेक्षा माणसं कशी मिसळणार ते बघा. पहिल्या जेवणाला प्रत्येक ग्रुप आपापल्या कोंडाळ्यात बसतो, हे होतंच होतं. त्यावर भाषण देऊन उपयोग नाही, कामं वाटा. खोल्या ग्रुपप्रमाणे देऊ नका, भाजी चिरणं, वाढणं, भांडी, हॉल झाडणं याच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीत प्रत्येक ग्रुपचं एक माणूस टाका. सहा वाजता उठून अनोळखी माणसाबरोबर कांदे चिरले की स्पर्धेत कुणी कुणाचा नंबर खाल्ला हे सगळं आपोआप बाहेर येतं आणि बाहेर आलेलं बरं.

जुन्या संगीत नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड एकत्र असायचं, लहान पोरं कंपनीत यायची ती तिथेच वाढायची, खायची, शिकायची. त्यात वाईट गोष्टीही होत्या पण एका छताखाली राहिल्याने नाटकात जे येतं ते आठवड्यातून तीन संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भेटून येत नाही. आणि प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येणं आपल्याकडे नवीन नाही. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या कंपन्यांनी 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, 8 जुलैला, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव आणि भामिनीच्या बालगंधर्व. त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या दोन कंपन्या! त्या करू शकल्या तर आपण का नाही?

विंगेतला_माणूस (वाशी)

मी प्रकाशयोजना करतो त्यामुळे माझं म्हणणं आधी सांगतो, 40 मध्ये निदान 12-15 जण बॅकस्टेजचे घ्या. दरवेळी 'कलाकार' म्हणून फक्त नट-दिग्दर्शक जातात आणि लाइट, म्युझिक, मेकअप, नेपथ्यवाले घरी. एन्सेम्बल म्हणायचं आणि अर्धा ग्रुप मागे ठेवायचा, हे बरोबर नाही.

खेळ ठेवाल तेव्हा ऑगुस्तो बोआलचे ठेवा. हा ब्राझीलचा नाटकवाला, त्याचे बरेच खेळ नट नसलेल्यांनाही जमतील असे आहेत. त्यातला एक सांगतो, मी हे करताना बघितलंय. दोघं समोरासमोर, एकाने हाताचा पंजा दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने ते अंतर तेवढंच ठेवून चेहरा मागोमाग न्यायचा, पंजा खाली गेला तर तो जमिनीवर, वळला तर तो गोल. मग अदलाबदल. आमच्यातला एक कायम पडदा ओढणारा मुलगा होता, स्वभावाने एकदम गप्प, त्याच्या समोर नेमका बक्षिसं घेणारा नट आला. पोराने असा काही हात फिरवला, इतका हळू, इतका जपून, की त्या नटाच्या मानेला कुठे त्रास होईल हे त्याला आधीच कळत होतं. पडदा ओढणाऱ्याला टायमिंग आणि दुसऱ्याच्या शरीराचा अंदाज किती असतो हे त्या हॉलमध्ये तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुढच्या वेळी तो नाटक बसवण्यात होता, नुसता पडद्यावर नाही.

आणि शेवटच्या दिवशी 'सादरीकरण' ठेवू नका, हात जोडून सांगतो. सादरीकरण ठेवलं की दुपारपासूनच स्पर्धा सुरू.

ऐरोली_एकांकिका

@विंगेतला_माणूस बाकी पटलं पण काहीच दाखवायचं नाही हे नाही पटत, एकमेकांचं काम न बघता काम कळणार कसं? माझं म्हणणं, तयार नाटक नको, प्रत्येक ग्रुपने अडलेला तुकडा आणायचा. दहा मिनिटांचा, जो जमत नाहीये तोच, सेट नाही कपडे नाही.

पण मग प्रतिक्रिया कशा द्यायच्या हे आधी ठरवा नाहीतर परीक्षक व्हायची आपल्या सगळ्यांना भारी हौस. लिझ लर्मन म्हणून अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका आहेत, त्यांनी 1990 मध्ये एक पद्धत बनवली, आम्ही तालमीत वापरतो. आधी बघणाऱ्यांनी फक्त काय लक्षात राहिलं, काय भिडलं एवढंच बोलायचं. मग करणारे प्रश्न विचारतात, "आई गेल्याचं तुम्हाला कुठे कळलं?" असे नेमके. मग बघणारे प्रश्न विचारतात पण मत न मिसळता, म्हणजे "एवढं हळू का केलंत" नाही, "हा वेग ठरवताना काय विचार होता" असं. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही "मला शेवटाबद्दल बोलायचंय, सांगू का" असं विचारून, समोरचा नको म्हणाला तर विषय संपला. पहिल्यांदा फार कृत्रिम वाटतं, अवघडतात लोकं, पण दुसऱ्या तुकड्यापर्यंत हॉलचा सूरच बदलतो, कुणी स्वतःचा बचाव करत बसत नाही. हे सांभाळायला एकच माणूस ठेवा आणि तो कुठल्याच तुकड्यातला नको.

सानपाडा_ताई

मुलींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलींना तालमीवरून घरी यायला दहा वाजले तरी घरी उत्तरं द्यावी लागतात, दोन रात्री बाहेर म्हणजे घरच्यांना जागेचा पत्ता, सोबत कोण आहेत, फोन कुणाला करायचा हे लेखी द्या, एका पानाचं पत्र, त्याने निम्मे प्रश्न सुटतात. बायकांच्या खोल्या आणि बाथरूम आधी जाऊन स्वतः बघा, कड्यांसकट. दारू चालणार नाही हे आमंत्रणातच लिहा, तिथे गेल्यावर नाही. काही खटकलं तर कुणाशी बोलायचं ती दोन नावं पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगा, त्यात एक तरी बाई हवी आणि दोघं एकाच ग्रुपचे नकोत. लहान मूल असलेली कुणी असेल तर मुलासकट बोलवा, लग्नानंतर नाटक सोडलेल्या कितीतरी जणी अशाने परत येतील.

पैशाचं, काँट्री माणशी घ्या, ग्रुपमागे नको, चार जणांच्या ग्रुपवर अन्याय होतो. कॉलेजच्या पोरांना कमी आणि नोकरीवाल्यांनी थोडं जास्त, हिशोब व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा.

तिसरी_घंटा (ठाणे)

मनापासून आभार सगळ्यांचे, टोळ्यांची आणि अडलेल्या तुकड्याची कल्पना घेतोच आहे. पत्रसुद्धा उद्याच लिहायला घेतो. वेळेचं कुणी सांगा, आणि परत आल्यावर हे सगळं विरून जाऊ नये म्हणून काय करता येईल?

नेरूळचा_नेपथ्यवाला

पावसाळ्यानंतर स्पर्धांचा सीझन, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला, त्यामुळे जानेवारीचा शेवट धरा. त्यानंतर बारावीची आणि मग कॉलेजच्या परीक्षा.

विरून जाऊ नये म्हणून सामानाची वही करा. प्रत्येक ग्रुपच्या लेव्हल्स (स्टेजवर उंची करायचे लाकडी चौथरे), फ्लॅट (सेटच्या भिंती), खुर्च्या, एखाददुसरा स्पॉटलाइट कुणाच्या तरी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सडतायत आणि दर नाटकाला आपण नवीन प्लाय आणतो. शेवटच्या सकाळी सगळ्यांनी आपल्याकडे काय आहे, कुठे ठेवलंय आणि टेम्पो कोण देऊ शकतो ते एका वहीत लिहायचं. तालमीच्या जागांचंही तसंच, कुणाकडे शाळेचा वर्ग आहे, कुणाकडे सोसायटीचा हॉल, कुठल्या वारी रिकामा असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छा येतात, पण लेव्हल मागायला फोन केला की माणूस आठवतो. माझ्याकडून आत्ताच लिहून घ्या, 6 बाय 4 च्या चार लेव्हल्स, नेरूळला, फेब्रुवारीपर्यंत मोकळ्या.