सर्व्हरवर लॉगिन झालं, पण आत काहीच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

टॉवेल_एमआयडीसी
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. घाऊक ऑर्डरसाठी तीन वर्षांपूर्वी एक छोटी वेबसाइट करून घेतली होती. ज्या मुलाने केली तो आता पुण्याला नोकरीला गेला. जाताना वहीच्या पानावर आयपी, 'रूट' आणि पासवर्ड एवढं लिहून दिलं. परवापासून साइट उघडते, पण ऑर्डर जातच नाही.

मी कारखान्याचा हिशेब बघते, टॅली रोजची आहे, पण लिनक्स कधी पाहिलेलं नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून एसएसएचने त्या दूरच्या सर्व्हरला जोडलं. पासवर्ड टाइप करताना एक अक्षर उमटेना, तरी आत गेले. फाइलींची यादी बघायला एलएस दिलं तर काहीच आलं नाही, परत तीच ओळ. साइट उडाली का? हात लावायची भीती वाटते.

रात्रपाळी
ताई, साइट उडालेली नाही. तुम्ही रिकाम्या गोदामात उभ्या आहात, माल दुसऱ्या गोदामात आहे.

आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. पासवर्ड उमटत नाही ते बरोबरच आहे. मागे उभ्या माणसाला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून. एसएसएचचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झालाय. 1995 मध्ये फिनलंडमधल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणारे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. त्याआधी दूरच्या मशीनवर जायला टेलनेट असायचं, त्यावर पासवर्ड उघडाच जायचा.

आता मुख्य गोष्ट. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिला आठवडाभर हेच सांगतो: एंटर दाबायच्या आधी ओळीचं डावं टोक वाच. तिथे आधी युजरचं नाव, मग ॲट, मग मशीनचं नाव, मग तुम्ही कुठल्या फोल्डरात आहात ते. शेवटी हॅश असेल तर तुम्ही रूट, म्हणजे काहीही पुसायचा अधिकार असलेला मालक. डॉलर असेल तर साधा युजर. आपण कुठे आहोत ते सांगणारं पीडब्ल्यूडी दिलंत तर '/रूट' असं येईल. ते रूटचं स्वतःचं फोल्डर, बहुतेक रिकामंच असतं. साइट सहसा 'व्हार'मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरात असते.

डाव्या टोकाचा एवढा आग्रह का, तर 2016 मध्ये मी अशोक चौकातल्या घरून काम करत होतो. दोन खिडक्या उघड्या होत्या, एक माझ्या लॅपटॉपची, एक गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची. झोपण्याआधी लॅपटॉप बंद करायला पॉवरऑफ टाइप केलं, ते गेलं सर्व्हरवर. तिकडे बटण दाबायला कुणी नाही. होस्टिंगच्या वेब पॅनलचा पासवर्ड मालकाकडे, आणि मालक झोपलेले. सकाळी सातपर्यंत त्यांचं ऑनलाइन दुकान बंद राहिलं. रात्रभर मी फोन हातात घेऊन बसलो होतो. म्हणून त्या मुलाकडून आजच वेब पॅनलचा पासवर्डही मागून घ्या.

सुरुवातीला नुसत्या बघणाऱ्या आज्ञा वापरा: पीडब्ल्यूडी, एलएस, फाइल वाचायला लेस (बाहेर यायला क्यू). त्यांनी काही बिघडत नाही. फाइल पुसणाऱ्या आरएमला मात्र हात लावू नका, इथे रिसायकल बिन नसतो. तुमच्या दुखण्यासाठी आधी डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ -एच' द्या आणि शेवटी नुसती तिरकी रेघ असलेली ओळ इथे टाका.

जुळे_सोलापूर_७७
एक भर घालतो. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. वायफाय गेलं की एसएसएच तुटतं आणि चाललेलं काम अर्ध्यात मरतं. आत गेल्यावर आधी टीमक्स चालू करा, ते काम सर्व्हरवरच चालू ठेवतं. नेट आल्यावर परत आत जाऊन 'टीमक्स अटॅच' दिलं की काम होतं तिथेच सापडतं बगा. मोठं अपडेट तर त्याशिवाय मी करतच नाही.

टॉवेल_एमआयडीसी
त्या ओळीत 100% आहे! मग त्या मुलाला फोन केला, कशाने किती जागा खाल्ली ते कळायला त्याने 'डीयू -एसएच' लावून बघायला सांगितलं. 'व्हार'मधल्या 'लॉग'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फोल्डरात, एकच फाइल 17 जीबीची निघाली. ती पुसू का?

रात्रपाळी
डिस्क भरली की डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही, साइट मात्र उघडत राहते. ऑर्डर तिथेच अडकतेय.

फाइल पुसू नका. जो प्रोग्रॅम तिच्यात लिहितोय त्याने ती धरून ठेवलेली असते. पुसली तर नाव जातं, जागा सुटत नाही. आधी 'टेल -एन 50' देऊन शेवटच्या ओळी वाचा, कारण तिथेच मिळेल. मग 'ट्रंकेट -एस 0' आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. फाइल जागेवर राहते, पोट रिकामं होतं. एंटरच्या आधी पत्ता दोनदा वाचा.

लॉगमधल्या वेळेने गोंधळू नका. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असेल, आपल्या साडेपाच तास मागे.

टॉवेल_एमआयडीसी
झालं! डीएफ आता 31% दाखवतंय. लॉगमध्ये 'मेल गेला नाही' ही एकच ओळ हजारो वेळा होती. पहिली चाचणी ऑर्डर लॉगमध्ये 4.12 ला दिसली, माझ्या घड्याळात 9.42. ताडून पाहिलं, बरोबर साडेपाच तास. डावं टोक प्रत्येक वेळी वाचलं. आता तो मेल का जात नाही ते बघते, आणि हे परत भरू नये म्हणून काय करायचं?

रात्रपाळी
त्यासाठी लॉगरोटेट असतं, ते जुने लॉग आपोआप बाजूला काढून पुसत राहतं. 'एलएस /ईटीसी/लॉगरोटेट.डी' देऊन काय दिसतं ते इथे टाका. बघणारीच आज्ञा आहे, निर्धास्त द्या.