सिंगापूर अमेरिकेच्या जिवावर उभं आहे म्हणे!

शिडाची होडी: परवा एकाने ठोकून दिलं, "सिंगापूरचं संरक्षण म्हणजे अमेरिकेला आंदण दिलेला बंदराचा धक्का." डोकंच फिरलं. अहो, 1971 मध्ये ब्रिटिश काढता पाय घेत होते तेव्हाच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मलेशियाला धरून सिंगापूरसह पाच देशांची संरक्षण व्यवस्था उभी राहिली. ज्या मलेशियातून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडावं लागलं, त्यालाच सोबत घेऊन! अमेरिकेला तळ वापरू देण्याचा करार थेट 1990 चा. भारतीय नौदलाबरोबरचे सराव 1994 पासून. ज्याचा व्यापार जीडीपीच्या सुमारे तिप्पट, तो एकाच्याच गळ्यात पडेल कशाला?

शंकासुर: मीच तो 'एक'. तुमच्या पंचदेशी व्यवस्थेत हल्ला झाल्यावर करायचं काय? सल्लामसलत! लढायचं बंधन कुणावरच नाही. आणि सिंगापूरच्या चांगी नौदल तळावर विमानवाहू नौका कुणाच्या येतात हो?

इंजिनरूम: तुमच्या सरावांनी आमचं काय भलं झालं? मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो. सिंगापूर सामुद्रधुनीत पहाटे तीनला चौघं मागून चढले, माझ्या मानेला सुरा लावला आणि स्पेअर पार्ट घेऊन उतरले. कॅप्टन म्हणे, बाहेर बोलू नकोस, चौकशीत जहाज अडकेल. कसली पायरसीविरोधी, म्हणजे चाचेगिरीविरोधी गस्त?

कलमबहाद्दर: ती पायरसी नव्हेच. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत सशस्त्र चोरी, पायरसी त्यापलीकडे.

इंजिनरूम: सुरा मानेवर असताना मैल मोजू?

कलमबहाद्दर: तुम्ही नका मोजू, पण पाठलाग कुणी करायचा ते त्यावरच ठरतं. 2004 मध्ये अमेरिका शेजारच्या मलाक्का सामुद्रधुनीत गस्तीला येणार अशी कुणकुण लागताच मलेशिया-इंडोनेशिया खवळले. मग सिंगापूरसकट तिघांनी गस्त सुरू केली, पण आपापल्या हद्दीत. 2005 मध्ये लॉइड्सच्या विमावाल्यांनी मलाक्का युद्धजोखमीच्या यादीत टाकली होती, 2006 मध्ये काढली. ते उगाच?

शिडाची होडी: बघा! शेजाऱ्यांना चालेल तेवढंच मागितलं, म्हणून मिळालं.

शंकासुर: पायरसीची माहिती गोळा करणारं आशियाई केंद्र 2006 पासून सिंगापुरात आहे. हेच दोन शेजारी त्याचे सदस्य नाहीत. छान चालवून घेतात! असो, 'एकट्या' अमेरिकेच्या जिवावर नाही. घ्या, एवढं मान्य केलं. धक्का मात्र तिचाच.

इंजिनरूम: कलमबहाद्दर, तुमचं पटलं असं समजा. कंपनीने त्या स्पेअरचा खुलासा माझ्याकडूनच लिहून घेतला. त्यात पायरसीही नव्हती आणि चोरीही नव्हती. लिहायला लावलं, 'हरवले'.