मदत हवी आहे: लोह घालूनही लिंबाची नवी पानं पिवळीच

नमस्कार मंडळी. माझ्या लिंबाच्या झाडांची कोवळी पानं पिवळी पडत आहेत, पण शिरा मात्र हिरव्यागार. पान उजेडात धरलं की हिरवी जाळी स्पष्ट दिसते. जुनी पानं ठीक आहेत, म्हणजे नत्राची कमतरता नसावी. ती आधी जुन्या पानांवर दिसते.

माती तपासली. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल याचं माप) ८.३, मुक्त चुनाही भरपूर. दोनदा हिराकस (फेरस सल्फेट) मातीत दिलं, काडीचा फरक नाही. अशा मातीत लोह लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं, मुळांच्या हाती काही लागत नाही, एवढं समजलं. जीव तुटतो हो, पोटच्या पोरासारखी वाढवलीत.

आता विचारायचं ते असं: ईडीटीए चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) एवढ्या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए हे दुसरं चिलेट टिकतं. ते कोणी वापरलंय का? मुळांशी किती आणि कितीदा दिलं? गंधकाचं आम्ल जिवाणू सावकाश करतात, पण एवढा चुना असताना ते पुरेल का? की तोवर ०.५ टक्के हिराकसची फवारणीच बरी? पानं करपण्याची भीती वाटते. पाणीही बायकार्बोनेटचं आहे, म्हणजे सामू चढाच राहतो. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.