शिराझच्या बॅरलला गोठ्याचा वास, प्लेटवर मात्र ब्रेट दिसत नाही

दिंडोरीकर:
नमस्कार. दिंडोरीजवळच्या छोट्या वायनरीत लॅब बघतो. शिराझ या लाल वाइनच्या ६ बॅरलपैकी २ आणि ५ नंबरला ओल्या गोठ्याचा, जखमेवरच्या पट्टीचा वास येतोय. ब्रेटॅनोमायसिस (ब्रेट) या वाइन बिघडवणाऱ्या यीस्टचा संशय आहे. डब्ल्यूएल अगर या यीस्ट वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या प्लेटांवर सॅम्पल पसरलं. तिसऱ्या दिवशी मलईच्या रंगाच्या, मध्ये हिरवट कॉलन्या आल्या, त्या सॅकरोमायसिस, म्हणजे वाइन आंबवणाऱ्या नेहमीच्या यीस्टच्याच वाटतात. पाचव्या दिवशी प्लेटा टाकल्या. बॉटलिंग तोंडावर आलंय. कोणतं माध्यम घेऊ?

अगरवाली:
दादा, प्लेटा फार लवकर टाकल्यात. ब्रेट सावकाश वाढतं. साध्या अगरवर सॅकरोमायसिस आधीच सगळी जागा खातं. त्याला अडवायला सायक्लोहेक्झिमाइड हवं, लिटरला १० मिलिग्रॅम. ब्रेट ते सहन करतं. मी डीबीडीएम हे ब्रेटसाठीचं खास माध्यम करते: यीस्ट नायट्रोजन बेस, ६ टक्के इथेनॉल, १०० मिलिग्रॅम पी-कुमॅरिक आम्ल, २२ मिलिग्रॅम ब्रोमोक्रेसॉल ग्रीन (आम्लात रंग बदलणारं), पीएच ५.४. इथेनॉल ऑटोक्लेव्हनंतर, अगर ५० अंशांपर्यंत निवल्यावरच घाला, नाहीतर उडून जाईल. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे. हातमोजे आणि मास्क लावूनच वजन करा.

प्लेटा पालथ्या घालून पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, नाहीतर अगर सुकून तडकतं. मी झाकणावर तारखेशेजारी '१४ दिवस' असं ठळक लिहिते, म्हणजे कुणी घाईने फेकत नाही. ब्रेट असेल तर टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलन्या येतात आणि आम्लामुळे भोवतालचं निळसर-हिरवं अगर पिवळं पडतं. पी-कुमॅरिकपासून ४-इथाइलफिनॉल तयार होतं. तुमच्या बॅरलमधला वास तोच.

वाइन टिकवायला घालतात तो सल्फाइटचा डोस नुकताच दिला असेल तर कोरी प्लेट बघून निर्धास्त होऊ नका. पेशी जिवंत असूनही काही काळ कॉलनी धरत नाहीत.

मायक्रोस्कोपवाला:
एक भर. हॅन्सेनियास्पोरा या जंगली यीस्टच्या काही जातीही सायक्लोहेक्झिमाइडला दाद देत नाहीत, म्हणून कॉलनी स्लाइडवर बघाच. हॅन्सेनियास्पोराच्या पेशी लिंबासारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. बाकीची जंगली यीस्ट धरायला लायसिन अगर लावा. नायट्रोजनसाठी नुसतं लायसिन दिलं तर सॅकरोमायसिस वाढत नाही. आणि थेंबभर वाइन पसरण्यापेक्षा १०० मिली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून तो फिल्टरच प्लेटवर ठेवा. सॅम्पल तळाच्या गाळाजवळचंही घ्या.

दिंडोरीकर:
आज अकरावा दिवस. सहाही बॅरल लावली होती. २ आणि ५ च्या प्लेटा पिवळ्या झाल्या आहेत. ३ नंबरलाही सात कॉलन्या आहेत आणि त्या बॅरलला अजून कसलाच वास नाही. बॉटलिंग थांबवलंय. ताई, ३ नंबरचं गाळाचं सॅम्पल उद्या सकाळी पुन्हा लावतो.