वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही तापलेली: आधी छत की आधी हवा?

उकाडा:
डोक्यावर थेट गच्ची. दुपार एक वेळ निभते, पण रात्री अकरालाही स्लॅब हाताला गरम लागतो. खिडकी एकच, पश्चिमेला. आतून जाड पडदा लावलाय. पंखा पाचवर ठेवला तरी गरम झोत. गवंडी म्हणतो, आतून थर्माकोल ठोकून फॉल्स सीलिंग करा. शेजारी म्हणतात, एक्झॉस्ट बसवा. दोन्ही एकदम जमणार नाही. आधी काय करू?

ओळंबा:
रात्री स्लॅब गरम लागतो म्हणालात, तिथेच निदान झालं. सहा इंची काँक्रीटमधून उन्हाची धग खाली उतरायला चार-पाच तास सहज जातात. खालची बाजू संध्याकाळी तापते आणि बाहेर गार झालं तरी उशिरापर्यंत निवत नाही. त्यामुळे ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच अडवा. आतून काहीही लावलंत तरी स्लॅब तापायचा तो तापणारच.

गच्ची गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग ऊन परतवणारं पांढरं कोटिंग. धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, गच्ची धुवावी लागते (हे रंगवाला सांगत नाही). पक्कं काम करायचं असेल तर स्लॅबवर एक्सपीएसच्या (दाट, कडक फोमच्या) शीट आणि वरून कोबा. 5 सेंमी शीट उष्णता अडवण्यात दोन मीटरहून जाड काँक्रीटला भारी पडते. फक्त गच्चीचा उतार पाणी जाण्याच्या तोंडाकडेच राहिला पाहिजे, नाहीतर नवीन दुखणं.

थर्माकोल खोलीत उघडा लावू नका. पेटला तर वितळून गळतो आणि काळा धूर करतो. गवंड्याला काम हवंय, ते ठीक आहे.

झरोका:
ओळंबांशी सहमत, पण पडद्याचं राहिलं. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. सावली काचेच्या बाहेर हवी: चिक, छज्जा, जाळीचं कापड, काहीही.

दुसरं, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडकी बंद. अंदाज नको, आत एक आणि बाहेर सावलीत एक थर्मामीटर टांगा. बाहेरचा आकडा खाली आला की सगळं उघडा.

उकाडा:
पांढरं कोटिंग आधी करतो. खिडकीच्या वर जुनं भोक आहे, एक्झॉस्ट तिथेच बसवला तर?

झरोका:
तिथे नको. खिडकीतून आलेली हवा तो तिथल्या तिथे बाहेर फेकेल, पलंगापर्यंत काही पोचणार नाही. समोरच्या भिंतीत, छताजवळ बसवा. ती भिंत बाहेरची नसेल तर खोलीचं दार आणि पलीकडच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट त्या खिडकीपाशी.

ओळंबा:
एक विचारायचं राहिलं. घरात गॅस गीझर आहे का? खिडक्या बंद असताना एक्झॉस्ट चालला तर गीझरचा धूर उलटा घरात ओढला जातो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असेल तर बाथरूमची झडप कधीच बुजवू नका, आणि गीझर चालू असताना एक्झॉस्ट बंद ठेवा.

उकाडा:
आहे. झडपेला थंडीत पुठ्ठा लावला होता, आत्ताच काढला.