मदत हवी आहे: शेळ्या गवत सोडून झाडांच्या साली सोलतायत

नमस्कार मंडळी,

आमच्या सामाईक हिरव्या जागेत घाणेरी आणि काटेरी झुडपं फार माजली होती. तणनाशक नको, म्हणून एका शेळीपालकाकडून सहा शेळ्या काही आठवड्यांसाठी आणल्यात. मी सकाळच्या पाळीची स्वयंसेविका. मोजणी करायची, पाणी भरायचं, जाळीचं कुंपण कुठे ढिलं झालंय का बघायचं, एवढंच काम. शेळी याआधी जवळून पाहिलेली नव्हती, हे आधीच कबूल करते.

पहिले तीन दिवस मजेत गेले. मागच्या दोन पायांवर उभ्या राहून माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरची पानं ओढतात! गवताकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. समितीला वाटलं होतं हिरवळ आपोआप कातरली जाईल. चौथ्या दिवशी बघते तर आम्हीच लावलेल्या चार कोवळ्या झाडांची साल सोललेली, एकाची तर चहूबाजूंनी. लगेच फोनवरून सल्ले सुरू: दाव्याला बांधा, उपाशी ठेवा म्हणजे गवत खातील. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेळ्या खऱ्या आहेत.

झाडं कशी वाचवू? आणि संध्याकाळी सगळ्यांची पोटं डावीकडून फुगलेली दिसतात, ते ठीक आहे ना?

प्रतिसाद १
आमच्या घरी लहानपणापासून शेरडं होती. शेळी शेंडे आणि पानं खुडणारी. गवत कातरायचं तर मेंढ्या आणायला हव्या होत्या. आवडीचा पाला संपला की ती सालीकडे वळते, म्हणजे तुमचा तो तुकडा खाऊन झालाय. कुंपण पुढे सरकवा, पाला पूर्ण संपायची वाट बघू नका. राहिलेल्या झाडांभोवती पुरुषभर उंच जाळी लावा, खोडापासून हातभर लांब, नाहीतर जाळीवर पाय ठेवून मान आत घालतील. चहूबाजूंनी सोललेल्या झाडाची आशा कमीच. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतूनच.

उपाशी मुळीच ठेवू नका. घाणेरी विषारी आहे. पोट भरलेली शेळी सहसा टाळते, भुकेली खाते. मग यकृत बिघडतं, उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. घाणेरी माणसांनीच उपटावी. बांधूनही ठेवू नका, कुत्रं आलं तर पळता येत नाही आणि दावं गळ्याभोवती आवळतं.

प्रतिसाद २
पोटाचं सांगते. चरून आल्यावर डावी बाजू भरलेली दिसणारच, जठराचा सगळ्यात मोठा कप्पा तिकडे असतो. डाव्या भकाळीवर (बरगड्यांच्या मागे, कमरेच्या हाडाआधीचा खळगा) मूठ दाबून धरा, मिनिटाला एक-दोनदा आतून लाट आल्यासारखी जाणवेल. भकाळी वर येऊन ढोलासारखी ताणलेली लागली, रवंथ बंद असेल, शेळी दात खात असेल, तर थांबू नका, पशुवैद्यांना बोलवा. आणि येणारेजाणारे धान्य किंवा शिळं अन्न घालतात का? अचानक जास्त धान्य गेलं तर पोटात आम्ल वाढून शेळी दगावते.

जमिनीलगतचं दवाचं गवत त्या खात नाहीत हे बरंच आहे. जंतांच्या अळ्या तिथेच असतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! कुंपण दुपारीच हलवलं. मूठ दाबून पाहिली, पाच जणींची लाट लागली, सहावी हात लावू देईना, पण निवांत रवंथ करतेय. समितीला मेंढ्यांचं कोण सांगणार ते ठरायचंय.

एक राहिलंच. कुणीतरी कुंपणावरून छाटलेल्या फांद्या आत टाकल्या होत्या, लांबट पानं, गुलाबी फुलं. मी उचलून बाहेर ठेवल्यात. कण्हेर असेल का? फोटो टाकते.

प्रतिसाद १
फोटो नंतर. आधी शेळ्यांच्या मालकांना आणि पशुवैद्यांना फोन करा. कण्हेरीची वाळलेली पानंसुद्धा विषारी असतात आणि थोडीही पुरतात. पानं कुरतडलेली आहेत का तेवढं बघून त्यांना सांगा.